जोतिबाचं पाणी आणि सातवीचा वर्ग

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो माणसं चढतात, तीही ऐन उन्हाळ्यात. वाडी रत्नागिरी हे माथ्यावरचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 3100 फूट उंच आहे. खाली पंचगंगेचं खोरं, वर जांभ्याचा तापलेला कातळ, आणि माथ्यावर वाहती नदी नाही. सासनकाठ्या घेऊन गावोगावहून आलेल्या माणसांना, त्यांच्या बैलांना नि घोड्यांना पाणी कुठून मिळत असेल, हा प्रश्न आज नळ आणि टँकर असल्यामुळे सहसा कुणाला पडत नाही. पण नळ येण्याच्या कितीतरी आधीपासून ही यात्रा भरत आली आहे, म्हणजे त्या काळातल्या लोकांनी या प्रश्नाचं उत्तर शोधलेलं होतं. कोल्हापूर परिसरातल्या सहावी ते आठवीच्या मुलांना पाणथळ जागा आणि त्यांचं रक्षण शिकवायचं असेल, तर धड्याची सुरुवात त्या उत्तराच्या इतिहासापासून व्हावी, असं मला वाटतं. रामसर करार, स्थलांतरित पक्षी, जैवविविधता हे सगळं त्यानंतर यावं. आपल्या भागात पाणथळ जागा माणसांनी ओळखल्या, बांधल्या, वापरल्या, बाटवल्या आणि बुजवल्या. हा क्रम कळला नाही तर मुलांना पाणथळ म्हणजे भरतपूर किंवा नांदूर मधमेश्वर एवढंच वाटत राहील, आणि आपल्या शाळेच्या मागचं डबकं हे डबकंच राहील.

डोंगरावरच्या देवळांचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. मूळचं छोटं देऊळ कऱ्हाडजवळच्या किवळ गावच्या नावजी सयांनी बांधलं असं सांगतात. त्या जागी 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी आजचं मोठं देऊळ उभं केलं, आणि 1808 मध्ये दौलतराव शिंद्यांनी केदारेश्वराचं. मात्र अशा देणगीदारांनी देवळांबरोबर पाण्यावरही पैसा खर्च केला, हे क्वचितच सांगितलं जातं. 1886 साली निघालेल्या कोल्हापूरच्या गॅझेटियरात यमाईच्या देवळासमोरच्या दोन कुंडांची नोंद आहे. एक 1743 च्या सुमारास कोल्हापूरच्या राणी जिजाबाईसाहेबांनी बांधलेलं, दुसरं जामदग्न्य तीर्थ राणोजी शिंद्यांचं. याखेरीज डोंगरावर आणखी तळी होती आणि उतारावरून वाहणारे ओहळही पवित्र मानले जात. देऊळ बांधणाऱ्याने कुंडही बांधायचं, हा धर्माचा भाग होताच, पण त्यामागे रोकडा हिशेबही होता. पाणी नसेल तर यात्रा नाही, यात्रा नसेल तर देवस्थान नाही. ‘तीर्थ’ या शब्दाने त्या हिशेबाला पावित्र्य दिलं, आणि पावित्र्यामुळे त्याची राखण झाली. कुंडात कोण उतरेल, कुठल्या पायरीवर कपडे धुवायचे नाहीत, गाळ कधी काढायचा, याचे दंडक लेखी नसले तरी होते. संवर्धन हा शब्द जन्मायच्या आधीचं ते संवर्धन होतं.

आता या कुंडांत पाणी येत होतं कुठून? इथे मुलांना भूगोल शिकवायची उत्तम संधी आहे, कारण उत्तर पायाखालीच आहे. जोतिबा, पन्हाळा, मसाई पठार या सगळ्या माथ्यांवर जांभ्याची टोपी आहे. जांभा सच्छिद्र असतो. मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो, तांब्याभर पाणी ओतलं तर खडकातल्या भोकांतून आणि भेगांतून बघता बघता आत जातं. त्याच्या खाली चिकणमातीसारखा थर आणि त्याखाली काळा बेसाल्ट. मुरलेलं पाणी त्या चिकण थरावर अडतं आणि डोंगराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून या डोंगरांवर माथा कोरडा आणि कंबर ओली असं विचित्र चित्र दिसतं. पायथ्याजवळच्या गायमुखाचं पाणी, उतारावरचे ओहळ, पन्हाळ्यावरच्या विहिरी, सगळ्यांचा हिशेब या तीन थरांतच लागतो. ज्या कारागिरांनी कुंडांच्या जागा निवडल्या त्यांना खडकाची शास्त्रीय नावं ठाऊक नसतील, पण पाणी डोंगराच्या कुठल्या पट्ट्यात पाझरतं हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

माथ्यावरच्या कातळात मात्र काही ठिकाणी उथळ खळगे असतात, आणि तिथे चार महिने पाणी उभं राहतं. एखादा खळगा परातीएवढा, एखादा अंगणाएवढा, खोली बोटभर ते वीतभर. भाद्रपदात मसाई पठारावर गुडघे टेकून असा एक खळगा पाहिला तर त्यात एक सबंध जग दिसतं. कडेला गेंदाची पांढरी बोंडं. मधे सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, दाण्याएवढी. या सीतेच्या आसवांना खरी मुळं नसतात. कातळावर अन्न नाही, म्हणून या वनस्पतीने पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे फुगे लावलेले असतात. एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडापाशी आला की झडप उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि तिथेच जिरतो. शेजारी दवबिंदूचं रोपटं, पानांवर चिकट थेंब, त्यात अडकलेलं चिलट. खळग्याच्या तळाशी बेडकांची पिल्लं असतात, त्यांना पाणी आटायच्या आत पाय फुटायला हवेत. ही शर्यत दसऱ्याच्या सुमारास संपते. पाणी जातं, खळगा तपकिरी होतो, आणि त्यानंतर कुणी तिथे गेलं तर त्याला मोकळ्या दगडाखेरीज काही दिसत नाही. या खळग्याला पाणथळ म्हणायचं का, हा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारला तर निम्मी मुलं नाही म्हणतील. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर गावी ज्या करारावर सह्या झाल्या, त्याच्या व्याख्येत मात्र तो बसतो. तिथे नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमचं वा तात्पुरतं, साचलेलं वा वाहतं, सगळं धरलेलं आहे. समुद्रकाठी तर ओहोटीच्या वेळी 6 मीटर खोलीपर्यंतचं पाणीही. जोतिबाचं कुंड, गायमुखाचा झरा, उतारावरची भाताची खाचरं, खाली चिखलीचा संगम, सगळं या एका शब्दाच्या पोटात येतं.

चिखलीचं नाव इथे मुद्दाम घेतो. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याकडे उतरत गेलं की प्रयाग चिखली लागते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती इथे एकत्र येतात, पाचवी गुप्त सरस्वती धरायची, आणि पुढे पंचगंगा हे नाव सुरू होतं. गावाच्या नावातच चिखल आहे. या नावाचा जो काही उगम असेल तो असो, पण नदी दरवर्षी पसरते आणि गाळ टाकून जाते त्या काठावर हे गाव वसलेलं आहे. नदीकाठच्या अशा गाळाच्या जमिनीला इकडे मळी म्हणतात. मळी म्हणजे पुराचं दान, आणि पुराची जागाही. याच चिखलीत मार्च 1918 मध्ये शाहू महाराजांच्या सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाच्या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. 1917 मध्ये कायदा जाहीर झाला आणि दुसऱ्याच वर्षी एका पाणथळ गावातली शेतकऱ्यांची मुलं सक्तीने वर्गात बसली. याच महाराजांनी त्याआधी 1902 मध्ये संस्थानासाठी स्वतंत्र पाटबंधारे धोरण आखलं होतं, विहिरी-तळ्यांची पाहणी करवली होती, आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं होतं. शाळा आणि पाणी ही दोन कामं एकाच माणसाने, एकाच खोऱ्यात, पंधरा-सोळा वर्षांच्या अंतराने हाती घेतली. पुढे शाळेच्या पुस्तकांत ती वेगवेगळ्या विषयांत गेली. शाहू महाराज इतिहासात, धरण भूगोलात, आणि चिखली परीक्षेतल्या रिकाम्या जागेत.

हीच ताटातूट कोल्हापूर शहरात तळ्यांच्या बाबतीत घडली. करवीर हे एके काळी तळ्यांचं गाव होतं. रंकाळा आणि कोटीतीर्थ आजही आहेत. पण कपिलतीर्थावर आता भाजी मंडई भरते. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आहे. पेटाळा आणि पद्माळा ही नावं आज मैदानाची, बागेची आणि पेठेतल्या पत्त्याची आहेत. ‘कपिलतीर्थात कांदे घेतले’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी तीर्थ हा शब्द शिल्लक आहे, पण पाणी नाही. शाहू स्टेडियमबद्दल मला कुणालाच दोष द्यावासा वाटत नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलने या शहराला जे दिलं ते खरं आहे आणि मोठं आहे. पण गांधी मैदानाकडे पाहावं. दर पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, मैदानाचं तळं झालं म्हणून बातमी येते, निचऱ्याची मागणी होते. शहराच्या उतारांनी शेकडो वर्षं ज्या खोलगट जागेकडे पाणी आणलं, ते उतार तळं बुजवल्याने बदलले नाहीत. सातवीच्या मुलाला पाणलोट ही कल्पना समजावून द्यायला इतकं सोपं आणि इतकं जवळचं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

असा धडा शिकवण्यावर पहिला आक्षेप कायद्याच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. भारताचे पाणथळ जागांविषयीचे 2017 चे नियम नदीचं पात्र, भातशेती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी या सगळ्यांना पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळतात. देशातल्या पाणथळ जागांचा जो नकाशासंग्रह 2011 मध्ये उपग्रहांच्या मदतीने तयार झाला, आणि ज्यातल्या जागांना सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण द्यायला सांगितलं, त्यातल्या 2.25 हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण साडेपाच एकरांपेक्षा मोठ्या जागांनाच हे संरक्षण आहे. मग यमाईसमोरचं कुंड, पठारावरचा खळगा, चिखलीची मळी यांना वर्गात पाणथळ म्हणून शिकवणं ही मुलांची दिशाभूल नाही का? मला तसं वाटत नाही. कायदा कशाचं रक्षण करू शकतो याची सीमा एक, आणि पाणी निसर्गात काय काम करतं याची सीमा दुसरी. बेडकाच्या पिल्लाला सातबारा उतारा नसतो. उलट या दोन व्याख्या, रामसरची आणि 2017 च्या नियमांची, शेजारी ठेवून मुलांना दाखवाव्यात, आणि आपल्या भागातली कुठली जागा कुठल्या व्याख्येत बसते, कुठल्या व्याख्येतून सुटते हे त्यांना ठरवू द्यावं. व्याख्या माणसं करतात, तिच्यात काय घ्यायचं नि काय सोडायचं हे कुणीतरी ठरवतं, ही नागरिकशास्त्राची समज याच वयात यावी. जे नियमातून सुटलं ते सांभाळायची जबाबदारी गावावर येते, हेही त्यातूनच कळतं.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. जुनी तळी बुजवली ती काही नुसत्या जमिनीच्या हावेने नव्हे. त्यांत घाण होती, डास होते, हिवताप होता. महाराष्ट्राच्या अनेक भागांत पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरत असे. नारूची जखम असलेला माणूस पाण्यात उतरला की त्याच्या पायातून जंताच्या अळ्या पाण्यात जात, त्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या पोटात शिरत, आणि तेच पाणी गाळल्याशिवाय प्यायलेल्या माणसाच्या अंगात वर्षभराने हातभर लांब जंत तयार होई. पाणी गाळण्याची सवय, विहिरींच्या पायऱ्या बंद करणं आणि हातपंप यांमुळे तो रोग गेला. फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ही मोठी कमाई आहे, आणि पाणथळ जागांचा धडा शिकवताना ती लपवली तर आपण खोटं शिकवतो. पण याच कमाईतून दुसरी गोष्टही दिसते. नारू गेला तो विहिरी नाहीशा करून नव्हे. पाणी कसं भरायचं, कुठे उतरायचं, कसं गाळायचं या माणसांच्या वागण्यात बदल झाला म्हणून. म्हणजे तळं बुजवण्याला पर्याय होता. साचलेल्या सांडपाण्यात डास वाढतात हे खरं. तसंच जिवंत तळ्यातले मासे, चतुराच्या अळ्या आणि बेडूक डासांच्या अळ्या खातात हेही खरं. तळं मरतं तेव्हाच ते रोगट होतं, आणि मग त्याच्या रोगटपणाचं कारण देऊन ते बुजवलं जातं. हा क्रम इतिहास म्हणून शिकवला की मुलं कारण आणि परिणाम यांत गल्लत करत नाहीत.

तिसऱ्या आक्षेपाला मी सगळ्यांत जास्त मान देतो. तीर्थ, पावित्र्य, दंडक असे शब्द वापरून आपण जुन्या व्यवस्थेचं गोड चित्र रंगवतो आहोत का? कुंडाची राखण करणारे दंडक कुणाला पाण्याशी येऊ देत आणि कुणाला नाही? पाणी बाटेल या नावाखाली माणसांना पाण्यापासून दूर ठेवलं गेलं, हा आपल्या पाणवठ्यांच्या इतिहासाचा गाभा आहे, तळटीप नाही. शाहू महाराजांना 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या करण्याचे हुकूम काढावे लागले, आणि 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. चवदार तळंही एक पाणथळच आहे. पाणथळीच्या धड्यात बगळा आणि कमळ येतात, महाड येत नाही, ही त्या धड्यातली मोठी उणीव आहे. पाणी सांभाळणं आणि पाणी सर्वांचं असणं या दोन गोष्टी वेगळ्या काळात वेगळ्या माणसांनी मिळवल्या. आज आपल्याला दोन्ही एकत्र हव्यात. जुन्या लोकांची पाण्याची नजर घ्यायची आणि त्यांची विषमता टाकायची, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला नीट समजतं. ते समजत नाही असं मोठ्यांना वाटतं, एवढंच. आजच्या यात्रेचाही विचार याच धड्यात यावा. गुलाल, निर्माल्य, प्लॅस्टिक आणि सांडपाणी डोंगरउतारावरून खाली येतं तेव्हा ते त्याच झऱ्यांना मिळतं, ज्यांना आपण पवित्र म्हणतो.

आता शाळेचा प्रश्न. महाराष्ट्रात तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं निघतं. कोल्हापूरच्या मुलाला त्यात कोल्हापूर जिल्हा भेटतो, त्याच्या नद्या, डोंगर, पिकं. कल्पना फार चांगली आहे. पण ते मूल आठ वर्षांचं असतं. त्याला नावं पाठ होतात, कारणं उमगत नाहीत. सहावीत गेल्यावर, म्हणजे ‘असं का झालं’ हे विचारण्याचं वय येतं तेव्हा, भूगोल अक्षांश-रेखांशांवर जातो, पुढे पृथ्वीचं अंतरंग आणि सागरप्रवाह येतात, आणि जिल्हा मागे पडतो तो कायमचा. जगाचा भूगोल शिकवू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण सच्छिद्र खडक, भूजल, पाणलोट, पूरमैदान या सगळ्या कल्पना सहावी ते आठवीच्या विज्ञानात आणि भूगोलात कुठे ना कुठे येतातच. त्यांची उदाहरणं जोतिबा, चिखली आणि गांधी मैदान यांतून देण्यासाठी एकही नवा धडा लागत नाही. त्यामुळे अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात आणखी भर नको, हा शिक्षकांचा आक्षेप योग्य असला तरी इथे तो लागू होत नाही. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर जिथे तिथे प्रकल्पवह्या आल्या. त्या वह्यांत मुलं बाजारात मिळणारी तयार चित्रं चिकटवतात. अशा वहीत चित्राऐवजी शाळेजवळच्या ओढ्याची चार महिन्यांची पाण्याची मापं असतील तर भार वाढत नाही, वेळ तेवढाच लागतो.

वेळेचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो, जागतिक पाणथळ दिन 2 फेब्रुवारीला असतो आणि शाळांत घोषवाक्यांची स्पर्धा त्याच दिवशी होते. करार त्या दिवशी झाला, म्हणून जगाने तो दिवस धरला. उत्तरेकडून आलेल्या पक्ष्यांसाठी तो आपल्याकडे सोयीचाही आहे. रंकाळ्यावर त्या दिवसांत बदकं, वारकरी, पाणकावळे पाहायला मिळतात. पण सह्याद्रीच्या पठारांवरच्या पाणथळ जागा फेब्रुवारीत अस्तित्वातच नसतात. ज्या मुलाला पठारावरचा खळगा फेब्रुवारीत दाखवला त्याला आपण कोरडा दगड दाखवला. इकडच्या शाळांनी हा विषय पावसाळ्याबरोबर चालवावा. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर तांब्याभर पाणी जांभ्यावर आणि तांब्याभर बेसाल्टवर ओतून कुठलं किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून मोजायचं. जुलैत रोप लावणीच्या खाचरातलं पाणी काचेच्या बाटलीत भरायचं, ओढ्यात जिथे शहराचं पाणी मिळतं तिथलं दुसऱ्या बाटलीत, आणि लव्हाळ्याच्या पट्ट्यातून गाळून आलेलं तिसऱ्या बाटलीत. तिन्ही खिडकीत ठेवून दुसऱ्या दिवशी तळाशी किती गाळ बसला ते पाहायचं. ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पातळीचा आकडा फळ्यावर लिहायचा. कोल्हापूरकर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसातून अनेकदा विचारतात. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे लहान मुलांनाही पाठ असतात. पण पाणी 43 फुटांवर गेल्यावर ते जातं कुठे, हे वर्गात क्वचितच कुणी विचारतं. ते मळीत जातं, खाचरांत जातं, बुजवलेल्या ओढ्यांच्या जागी जातं. ऑगस्ट 2019 मध्ये ही पातळी 55 फुटांच्या वर गेली. धरणांचं पाणी, अतोनात पाऊस, पुलांचे भराव अशी कारणं त्यामागे सांगितली गेली आणि प्रत्येकात तथ्य आहे. पुराचं पाणी पसरायला पूर्वी जी मोकळी पाणथळ जमीन होती तिच्यावर भर पडली, घरं झाली, हेही त्याच यादीतलं कारण आहे. आणि मुलांना स्वतः पायी हिंडून तपासता येईल असं एवढंच कारण त्यात आहे.

मुलांच्या हातात काय आहे, निर्णय तर मोठे घेतात, असंही कुणी म्हणेल. पूररेषा आखणं, बांधकामाला परवानगी देणं हे काम सातवीच्या मुलाचं नाही. पण कोल्हापुरात गणपतीचं विसर्जन नदीत आणि रंकाळ्यात न करता इराणी खणीत आणि कुंडांत करण्याकडे शहर वळलं, निर्माल्य वेगळं जमा होऊ लागलं, तेव्हा घराघरांत ते पटवून देणाऱ्यांत शाळकरी मुलं पुढे होती. आजोबा ज्या गोष्टीवर मुलाशी वाद घालतील त्याच गोष्टीवर नातीचं ऐकतील, हे आपल्या घरांचं वास्तव आहे. आणि नातीला हवी असलेली माहितीही बहुधा आजोबांकडेच असते.

म्हणून या अभ्यासातलं शेवटचं काम मी चिखलीच्या भिंतींवर ठेवीन. पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ राहते. काही लोक तिच्यावर वर्ष लिहून ठेवतात, काही रंग देऊन पुसून टाकतात. 1989, 2005, 2019, 2021. सातवीच्या वर्गाने दोघादोघांच्या जोड्यांनी गावात फिरावं, मोजपट्टीने जमिनीपासून प्रत्येक रेघेची उंची घ्यावी, आणि जिथे रेघ पुसली गेली आहे तिथे घरातल्या आजीला विचारावं की पाणी कुठवर आलं होतं. ती कपाटाचा कप्पा दाखवेल, देव्हारा दाखवेल, जिन्याची पायरी दाखवेल. तेही मोजावं. मग त्याच उंचीचे ठिपके गावाच्या नकाशावर जोडत न्यावेत. जी रेषा उमटेल ती नदीने स्वतः आखलेली आहे, आणि तिच्या आतली जागा म्हणजे चिखलीची पाणथळ. नंतर सरकारी नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा शेजारी ठेवावी आणि दोन्ही कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत ते वहीत लिहावं. हे काम सप्टेंबरात करायचं, सहामाही परीक्षेच्या आधी. त्याच आठवड्यात एक दिवस पठारावरही जाऊन यायचं, कारण दसऱ्यानंतर तिथल्या खळग्यांत पाणी नसतं.